कोरियन भाषेत 'म्हणून' नक्की किती? (आसॉ, निक्का, त्तेमुने आणि मंडळी)

मुळाक्षर

नमस्कार मंडळी. कोरियन शिकणारे इथे बरेच आहेत असं दिसतंय (मालिकांच्या धाग्यावर निम्मी भांडणं कोरियनमध्येच चालतात), म्हणून हा वेगळा धागा काढतेय.

लिपी पटकन आली. क्रियापद वाक्याच्या शेवटी, हे तर आपलं घरचंच. अडलंय ते कारण सांगण्यापाशी. एक धडा संपला की पुढच्या धड्यात 'कारण दाखवणारा' नवा प्रत्यय हजर. आत्तापर्यंत जमलेला गोतावळा: आसॉ/ऑसॉ, निक्का, गी त्तेमुने, नुरागो, नुन बारामे, गिल्ले, तॉकपुने, थासे, कॉदुन्यो. आणि पुस्तकात अर्थाच्या रकान्यात सगळ्यांपुढे एकच शब्द, 'बिकॉज'.

माझा मुख्य प्रश्न आसॉ आणि निक्का यांचा. दोन्हींना मी मराठीत 'म्हणून' लावते. मग एक कुठे आणि दुसरा कुठे? नियम पाठ आहेत, पण बोलताना तेवढा वेळ कुठे मिळतो? बाकीच्यांबद्दलही ज्याला जे माहीत असेल ते लिहा.

कोरियन शब्द देवनागरीतच लिहू या, म्हणजे लिपी न येणाऱ्यांनाही वाचता येईल. 'ऑ' म्हणजे 'कॉफी'तला. उच्चार शंभर टक्के बसत नाहीत हे मान्य, त्यावर वेगळा धागा काढा.

दुभाष्या_चाकण

चांगला धागा. मी कोरियन कंपनीच्या कारखान्यात दुभाष्याचं काम करतो, त्यामुळे दिवसभर 'वे?' (का?) आणि त्याची उत्तरं याच धंद्यात असतो.

शॉप फ्लोअरवरचं उदाहरण घ्या. लाइन थांबली. साहेब विचारतात, वे? उत्तर असं द्यायचं:

पुफुमी आन वासॉ लाइनी सॉस्सुम्निदा. (पार्ट आले नाहीत, त्यामुळे लाइन थांबली.)

इथे 'वासॉ'च्या जागी 'ओनिक्का' घातलंत तर समोरचा समजेल, पण त्याच्या कपाळावर आठी पडेल. 'पार्टच येत नाहीत तर लाइन थांबणारच ना' असा सूर लागतो त्याला. आसॉ नुसती घटना सांगतो: हे झालं, त्यातून ते झालं. निक्का मध्ये बोलणारा उभा असतो. 'मी सांगतोय ते कारण आहे, आणि ते तुम्हाला पटायला हवं.' उशिराची सबब सांगतानाही तसंच. 'छागा माख्यॉसॉ नुजॉस्सुम्निदा' (ट्रॅफिकमुळे उशीर झाला) हे ठीक. 'छागा माखिनिक्का' म्हणालात तर चूक ट्रॅफिकची आणि वर तुम्ही साहेबांना समजावताय असं होतं.

उलट सूचना द्यायची असेल तर निक्काच लागतो. 'वी-हॉमहानिक्का मान्जीजी मासेयो', धोका आहे, हात लावू नका. इथे आसॉ घातला तर वाक्य मोडतं.

परीक्षार्थी

दादांनी सांगितलंच आहे, पुस्तकी भाषेत परत सांगते. आसॉ नंतर आज्ञा ('करा') किंवा 'चला, करू या' येत नाही. आसॉ च्या आधी भूतकाळाचा प्रत्यय लागत नाही. निक्का ला दोन्ही चालतं. म्हणजे 'पिगा वासॉ उसानुल काजॉगासेयो' चूक, 'पिगा ओनिक्का उसानुल काजॉगासेयो' बरोबर (पाऊस पडतोय, छत्री घेऊन जा). आणि 'पिगा वास्सुनिक्का' चालतं, 'वास्सॉसॉ' नाही.

हल्ली तरुण कोरियन मुलं बोलताना आणि नेटवर भूतकाळ लावलेला आसॉ सर्रास वापरतात. ऐकलंत तर दचकू नका, परीक्षेत मात्र लिहू नका.

अनुस्वार

परीक्षार्थी यांचा पहिला नियम सगळ्या पुस्तकांत असाच असतो आणि तो अर्धाच खरा आहे. हे पाहा:

साग्वारुल श्शिसॉसॉ तुसेयो. (सफरचंद धुऊन खा.)
आन्जासॉ कीदारीसेयो. (बसून वाट बघा.)

दोन्हीकडे आसॉ/ऑसॉ आहे आणि त्याच्यानंतर चक्क आज्ञा आहे. कारण हा आसॉ मुळात 'कारणा'चा प्रत्यय नाहीच. तो आपला '-ऊन' आहे. धुऊन, बसून, भेटून, दमून. एक क्रिया करून तिच्यावर उभी राहिलेली दुसरी क्रिया. त्यातून कधी नुसता क्रम निघतो ('मित्राला भेटून सिनेमा पाहिला'), कधी कारण निघतं ('दमून झोपला'). आज्ञेची बंदी आहे ती कारणाच्या अर्थाला. क्रमाच्या अर्थाला ती नाही.

आता आपलाच '-ऊन' तपासून पाहा. 'हात धुऊन ये' म्हणतो आपण. पण 'दमून झोप' म्हणतो का? 'तू दमला आहेस, म्हणून झोप' असं काहीतरी करावं लागतं. भूतकाळाचं तेच: '-ऊन' ला काळ लागत नाही, काळ शेवटच्या क्रियापदावर. म्हणजे ज्या दोन नियमांची पोपटपंची करतो ते दोन्ही आपल्या तोंडात जन्मापासून आहेत.

आणि म्हणूनच 'मान्नासॉ पानगाप्सुम्निदा' हे वाक्य मराठी माणसाला समजावून सांगावं लागू नये. 'भेटून आनंद झाला'. जसंच्या तसं. आभार, आनंद, माफी यांच्या आधी आसॉ च येतो, निक्का कधीच नाही. 'नुजॉसॉ च्वेसोंगहाम्निदा' (उशीर झाला, माफ करा), 'वा ज्वॉसॉ कोमावॉयो' (आलात, बरं वाटलं, आभारी आहे). उशिराबद्दल माफी मागताना निक्का लावला तर माफीतून वाद घातल्यासारखं होईल. दुभाष्यांनी वर जे सांगितलं तेच इथे व्याकरणात गोठलंय.

रोखठोक

मी उलट सांगेन. हे मराठीशी जुळवणं आधी बंद करा. 'ऊन' म्हणजे 'आसॉ' हे समीकरण डोक्यात बसलं की पुढे त्रास होतो. भाषा तिच्यातच शिकावी.

शेजारीण

मी जपानी शिकले आहे. तिथे कारा आणि नोदे अशी जोडी आहे, कारा जरा ठासून, नोदे जरा मवाळ. तेच का हे?

अनुस्वार

@शेजारीण, वरवर पाहता तसं वाटतं, पण जपानीत दोघांच्याही आधी भूतकाळ येऊ शकतो. कोरियनचा खरा फरक तिथेच आहे. जपानीतला '-ते' हा आसॉ ला जास्त जवळचा. यात इतकंच पुरे, धागा जपानला नको जायला.

@रोखठोक, तुमचं एक म्हणणं बरोबर आहे. समीकरण कुठे तुटतं ते माहीत असायला हवं. तर ते इथे तुटतं: 'पाऊस पडून रस्त्यात चिखल झाला' हे मराठीत चालतं. 'पाऊस पडून मी घरी थांबलो' चालत नाही. दुसरं वाक्य कोणीतरी स्वतःच्या इच्छेने केलेल्या कृतीचं असेल आणि पहिल्याचा कर्ता वेगळा असेल तर मराठीतला '-ऊन' हात वर करतो, आणि आपण 'पडत होता म्हणून'कडे वळतो. कोरियनला अशी अडचण नाही. 'पिगा वासॉ चिबे इस्सॉस्सॉयो', पाऊस आला म्हणून घरी होतो, अगदी साधं वाक्य. म्हणजे कारण सांगताना आसॉ चं राज्य '-ऊन'पेक्षा मोठं आहे. कारणाच्या अर्थाने '-ऊन' चालतो तिथे आसॉ सहसा चालतो, उलट नाही.

पण जे फुकट मिळतंय ते कशाला टाकायचं? इंग्रजीतून शिकणाऱ्याला हे सगळं उमेदीने पाठ करावं लागतं.

खवचट_काका

कोरियनमध्ये म्हण आहे म्हणे, 'फिंग्ये ऑम्नुन मुदॉम ऑप्ता'. सबब नसलेलं थडगं नसतं. मेलेल्यालाही कारण लागतं, मग प्रत्यय इतके असणारच. चालू द्या.

सोलकढी

काका, म्हण खरी आहे. :)

मी सोलमध्ये राहते (टोपणनाव उगाच नाही). प्रत्यक्ष कानावर काय पडतं ते लिहिते. रोजच्या बोलण्यात पूर्ण वाक्य कोणी करत नाही. 'वे आन वास्सॉयो?' का आला नाहीत? उत्तर: 'पाप्पासॉयो'. कामात होते. आसॉ ला नुसता आदराचा 'यो' चिकटवला की झालं. आणि यातला खरा उपयोग नकारासाठी. शेजारच्या आजी जेवायला बोलावतात. तुम्हाला जमणार नाही. 'नाही येणार' असं कोणी म्हणत नाही. 'ओनुरुन चोम पाप्पासॉयो...' (आज जरा घाई आहे, त्यामुळे...) आणि पुढे काहीच नाही. वाक्य तिथेच सोडायचं. आजींना कळतं, त्या 'मग पुढच्या वेळी' म्हणतात. निक्का लावून सोडलेलं वाक्य असं काम करत नाही, ते 'मग तुम्हीच समजा ना' च्या जवळ जातं.

दुसरं, निक्का चा एक अर्थ पुस्तकात उशिरा येतो आणि तोवर गोंधळ होतो. 'चिबे कानिक्का आमुदो ऑप्सॉस्सॉयो.' घरी गेले तर कोणीच नव्हतं. मी गेले 'म्हणून' घरात कोणी नव्हतं असं नाही! हा निक्का शोध लागण्याचा. मराठीतला 'तर' किंवा 'तो काय' (घरी जाऊन बघते तो काय). अशा वेळी याच्या आधी भूतकाळ लावत नाहीत. 'कास्सुनिक्का' म्हटलं की पुन्हा कारण झालं.

मुळाक्षर

'घरी गेले तर' हे एकदम बसलं. सोलकढीताई, धन्यवाद.

आता त्तेमुने. आणि तॉकपुने, थासे. हे तिघे नामाला लागतात ना?

अनुस्वार

हो, तिघेही नामाला. त्तेमुने ला क्रियापद जोडायचं तर मध्ये 'गी' घालून क्रियापदाचं नाम करावं लागतं, म्हणून 'गी त्तेमुने'. यात एक गंमत नीट पाहा.

हाक्सेंग त्तेमुने = विद्यार्थ्यामुळे
हाक्सेंगइगी त्तेमुने = विद्यार्थी असल्यामुळे

पहिल्यात कोणा विद्यार्थ्याने काहीतरी करून ठेवलंय. दुसऱ्यात मी विद्यार्थी आहे म्हणून मला तिकीट स्वस्त. 'इगी' विसरलात तर सवलत मागायला जाल आणि तक्रार करून याल. मराठीत 'मुळे' आणि 'असल्यामुळे' हाच भेद आहे, त्यामुळे हाही फुकट.

त्तेमुने मध्ये बऱ्याचदा तक्रारीची छटा असते, 'नॉ त्तेमुने' म्हणजे 'तुझ्यामुळे, तुझ्यापायी', पण सक्ती नाही. चांगलं झालं असेल तर तॉकपुने. यातला 'तॉक' म्हणजे सद्गुण, पुण्य, चिनी मूळ. 'पुमोनीम तॉकपुने' म्हणजे अक्षरशः आईवडिलांच्या पुण्याईने. कसे आहात विचारल्यावर 'तॉकपुने चाल चिनेयो', तुमच्या कृपेने बरं चाललंय. आपले आजोबा असंच बोलायचे.

वाईट झालं आणि बोट दाखवायचं असेल तर थासे. 'थात' म्हणजे दोष, खापर. 'नाम थात' म्हणजे दुसऱ्याच्या माथी मारणं. मात्र पूर्वी हा शब्द इतका काळा नसावा, कारण म्हण आहे: 'चाल द्वेम्यॉन चे थात, मोत द्वेम्यॉन चोसांग थात'. चांगलं झालं तर माझा 'थात', वाईट झालं तर पूर्वजांचा. पहिल्या भागात तोच शब्द श्रेयाच्या अर्थाने आलाय.

खवचट_काका

चोसांग थात! आमच्याकडे याला पितृदोष म्हणतात, शांतीचा खर्च वेगळा.

परीक्षार्थी

टोपिक (कोरियन भाषेची परीक्षा) देणाऱ्यांसाठी थोडं. दुसऱ्या स्तराच्या परीक्षेत (टोपिक २) लेखनाचे ५१ ते ५४ असे चार प्रश्न असतात. ५३ मध्ये तक्ता किंवा आलेख पाहून २०० ते ३०० अक्षरं, ५४ मध्ये ६०० ते ७०० अक्षरांचा निबंध, एकट्या ५४ ला १०० पैकी ५० गुण. इथे निक्का लिहायचा नाही, तो बोलण्यातला. लिहिताना गी त्तेमुने किंवा मुरो. 'मुरो' फक्त लेखी, बोलण्यात वापरलात तर कोर्टाचा निकाल वाचून दाखवल्यासारखं वाटेल.

आणि 'वेन्याहाम्यॉन' (कारण की) ने वाक्य सुरू केलंत तर ते 'त्तेमुनिदा' नेच बंद करायचं. मराठीत 'कारण तो आजारी आहे' इतक्यावर सुटका होते, इथे नाही. दोन टोकं जुळायला हवीत. परीक्षक तिथेच बघतात असं आमचे सर सांगतात.

'कारण'साठी दोन नामंही आहेत, ती निबंधात सांभाळा. 'वॉनिन' म्हणजे घटनेमागचं कारण (सागो वॉनिन, अपघाताचं कारण). 'इयु' म्हणजे माणसाने दिलेलं किंवा मनातलं कारण. आपल्याकडे दोन्हीला कारणच.

सोलकढी

लेखीचा विषय निघालाच आहे तर 'रो इन्हे' राहिलं. बातम्यांत 'थेफुंगउरो इन्हे', वादळामुळे. आमच्या इमारतीत लिफ्ट तपासणीच्या दिवशी कागद चिकटवतात, त्यावर 'चॉमगॉमउरो इन्हायॉ' असं असतं. हे वाचलं की मला लोकलच्या फलाटावरची घोषणा आठवते, 'तांत्रिक कारणास्तव'. तोच थाट. माणसं असं बोलत नाहीत, कागद आणि भोंगे बोलतात.

अनुस्वार

त्यातला 'रो' हा मूळ साधनाचा प्रत्यय. पेनाने, बसने, आणि आजाराने. 'प्यॉंगउरो' म्हणजे आजाराने (गेला). आपल्या '-ने' ने पण साधन आणि कारण दोन्ही सांभाळलंय. जुनाच प्रकार आहे हा. राजा सेजोंगने १४४६ मध्ये नवी लिपी जाहीर केली तेव्हा प्रस्तावनेत कारण दिलं होतं: आपल्या देशाची बोली चिनीहून वेगळी, चिनी अक्षरांत ती नीट मावत नाही, त्यामुळे साध्या माणसाला काही सांगायचं असलं तरी ते मांडता येत नाही. मूळ मजकूर चिनीत होता. त्याचं कोरियन भाषांतर १४५९ च्या पोथीत मिळतं आणि त्यात 'त्यामुळे'च्या जागी 'इरॉन चॉनचारो' आहे, 'या कारणाने'. 'चॉनचा' हा शब्द आता गेला. 'रो' मात्र लिफ्टच्या कागदावर अजून चिकटलेला आहे.

रोखठोक

हे छान. मागच्या प्रतिसादात मी जरा तोडून बोललो, पण माझा मुद्दा शिल्लक आहे. नुरागो चं मराठी सांगा बघू. सगळे 'साठी' म्हणतात आणि फसतात.

दुभाष्या_चाकण

नुरागो = 'च्या नादात'. 'सुकजेहानुरागो मोत चास्सॉयो', गृहपाठाच्या नादात झोपलोच नाही. अटी: दोन्हीकडे कर्ता एकच. पहिली क्रिया वेळ खाणारी, स्वतःहून केलेली. आजारी पडणं, बस चुकणं याला नुरागो लागत नाही. आधी भूतकाळ नाही, नंतर आज्ञा नाही. आणि परिणाम बहुतेक वेळा नुकसानीचा, किंवा निदान दमछाकीचा. पाहुणे आले की म्हणतात 'ओशिनुरा कोसेंग मानुश्यॉस्सुम्निदा', यायला फार त्रास पडला तुम्हाला. कोरियाहून साहेब विमानाने आले की गेटवर पहिलं वाक्य हेच. हे पाठ करून ठेवा, कुठेही चालतं.

याउलट आपल्या हातात नसलेलं, अचानक आलेलं: नुन बारामे. 'पॉसुरुल नोत्छीनुन बारामे नुजॉस्सॉयो', बस चुकली आणि त्यात उशीर झाला. बारामे नंतरचं वाक्य घडून गेलेलं असतं, त्यामुळे भूतकाळात. वाऱ्यालाही 'पाराम' च म्हणतात, लक्षात ठेवायला सोपं.

शेजारीण

आणि गिल्ले? मालिकांमध्ये सारखं ऐकू येतं.

सोलकढी

गिल्ले म्हणजे बाहेर काहीतरी दिसलं, म्हणून मी काहीतरी केलं. 'पिगा ओगिल्ले उसानुल सास्सॉयो', पाऊस पडताना दिसला म्हणून छत्री घेतली. बाजारातून गरजेपेक्षा जास्त आणून घरी जे स्पष्टीकरण द्यावं लागतं ते गिल्ले मध्ये: 'स्सागिल्ले', स्वस्त दिसलं म्हणून. पुढची कृती बोलणाऱ्याची स्वतःची हवी.

मालिकांत ऐकता तो बहुधा प्रश्नातला. 'म्वॉल हेत्किल्ले इरॉके फिगोनहेयो?' असं काय केलंस की एवढा दमलास? हे 'असं काय... की' मराठीत रोजचं आहे.

आणि मुळाक्षर, तुमच्या यादीत कॉदुन्यो आहे पण त्याची बहीण नाही. कॉदुन्यो वाक्याच्या शेवटी येतो आणि ऐकणाऱ्याला माहीत नसलेलं कारण सांगतो. 'ओनुल मोत कायो. याक्सोगी इत्कॉदुन्यो.' आज नाही येणार. एका ठिकाणी जायचं ठरलंय ना. चानायो माहीत असलेलं कारण आठवण करून देतो. 'पिगा ओजानायो', पाऊस पडतोय की! म्हणजे एकीकडे 'ना', दुसरीकडे 'की'. मोठ्या माणसांसमोर दोन्ही जपून. कॉदुन्यो आगाऊ वाटू शकतो, आणि चानायो म्हणजे 'सांगितलं होतं की' चा ठसका.

अनुस्वार

एकच भर, मग थांबतो. यादीत नाही पण मराठी माणसाने पहिल्या दिवशी शिकावं असं: 'दागो'. हा मुळात 'असं म्हणून' चा प्रत्यय, दुसऱ्याचं बोलणं सांगण्याचा. 'पाप्पुदागो आन वास्सॉयो.' कामात आहे म्हणून आला नाही. कामात होता की नव्हता ते देव जाणे, तो तसं म्हणाला. आपलं 'म्हणून' सुद्धा 'म्हणणे' मधूनच कारणापर्यंत पोचलंय, आणि 'पोट दुखतंय म्हणून शाळेला गेला नाही' यात मराठीलाही तो संशय ठेवता येतो. आसॉ लावला असता तर पोटदुखी खरी ठरली असती.

मुळाक्षर

हे सगळ्यात भारी! नव्याने आणखी दोन वाढले पण तक्रार नाही. कोणीतरी सरावाला वाक्यं द्या ना.

सोलकढी

घ्या. कोरियन करा:
१. तुम्ही मदत केलीत, त्यामुळे लवकर संपलं.
२. रस्ता निसरडा आहे, जपून जा.
३. फोनवर बोलण्याच्या नादात स्टॉप चुकला.

मुळाक्षर

१. तोवाजुशिन तॉकपुने इल्च्चिक क्कुन्नास्सॉयो.
२. कीरी मिक्कुरॉउनिक्का चोशिमहासेयो.
३. थोंगह्वाहानुरागो चॉंगन्युजांगुल चिनाछॉस्सॉयो.

सोलकढी

१ आणि २ पक्के. ३ चालेल, पण मी तसं म्हणणार नाही. इथे माणसं 'थोंगह्वाहादागा' म्हणतील. दागा म्हणजे एक गोष्ट चालू असताना मध्येच दुसरी. बोलता बोलता स्टॉप चुकला.

दुभाष्या_चाकण

मग माझं 'नादात' गडबडलं का?

सोलकढी

थोडंसं. मराठीत 'नादात' दोन्हीकडे चालतं. कोरियन नुरागो ला वेळ आणि कष्ट खर्च झालेले हवेत, आणि त्यापायी दुसरं काहीतरी करायचं राहून गेलेलं. 'थोंगह्वाहानुरागो मोन नेऱ्यॉस्सॉयो' म्हणा, बोलण्यात गुंतल्यामुळे उतरता आलं नाही, की नुरागो खुश. नुसता स्टॉप निघून गेला, किंवा डुलकी लागून पुढे गेलात, तर दागा.

रोखठोक

हेच म्हणत होतो मी.

अनुस्वार

@रोखठोक, तुम्ही म्हणत होता मराठी सोडा. वर तर 'नादात' काढून 'बोलता बोलता' घातलंय, तेही मराठीच.

परीक्षार्थी

दागा वर माझ्याकडे मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिकांतली वाक्यं आहेत, आज रात्री टाकते. दॉनी पण त्यातच आहे, तो कोणाला हवाय का?

मुळाक्षर

हवाय. पण नवीन धाग्यात टाका, हा आधीच लांबलाय.